शेवटपर्यंत थांबलेला पाहुणा

आमच्या क्लबच्या स्टोअरमध्ये स्वागताचा एक फलक आहे. त्यावर अरबी आणि इंग्रजीत ‘कोच, आपलं स्वागत असो’ एवढंच लिहिलेलं आहे. नाव नाही. पूर्वी आम्ही दर वेळी नाव घालून नवा फलक करून घ्यायचो. पण फलक करणारा मल्याळी दुकानदार स्पेलिंग विचारताना माझ्याकडे सहानुभूतीने बघायला लागला, तेव्हा मी नाव गाळलं. आता त्या फलकाचे कोपरे झिजले आहेत. स्वागताच्या केकवरही मी नाव घालू देत नाही.

मी या फुटबॉल क्लबच्या ऑफिसात काम करतो. क्लब कुठला, कुठल्या अमिरातीत, ते सांगत नाही. निवृत्तीला अजून थोडी वर्षं आहेत. पुण्यातल्या नातेवाइकांची समजूत आहे की मी फुटबॉलमध्ये काहीतरी मोठं करतो. प्रत्यक्षात मी माणसं आणतो आणि पोचवतो. कोच आला की त्याचा रेसिडेन्स व्हिसा, व्हिला, गाडी, मुलांची शाळा. कोच गेला की हेच सगळं उलट्या क्रमाने. खेळातलं मला फारसं कळत नाही, पण निरोप समारंभांविषयी मी थोड्या अधिकाराने बोलू शकतो.

हा ब्राझिलियन कोच आला तो ऑगस्टमध्ये. विमानतळाचं दार उघडलं की तोंडावर कुकरची वाफ यावी अशी हवा असते तेव्हा. उंच, खांदे किंचित वाकलेले, डाव्या पायाने जरा जपून चालणारा. खेळत होता तेव्हा आघाडीच्या फळीतला, म्हणजे गोल मारणारा खेळाडू होता, आणि कुठल्याशा अंतिम सामन्यात त्याने केलेला एक गोल अजून लोक फोनवर बघतात. माझ्या मुलीनेही तो मला आदल्या दिवशी दाखवला होता. गर्दीतून चेंडू येतो, याच्या गुडघ्याला लागतो आणि आत जातो. यात त्याचं नेमकं कर्तृत्व किती, हे मला कळलं नव्हतं. पुढे त्यानेच सांगितलं की त्यालाही कळलेलं नाही.

गाडीत बसल्यावर कोच काय विचारतात ते मला पाठ आहे. व्हिलात पूल आहे का, ड्रायव्हर मिळणार का, बायकोला इथे कंटाळा येईल का. याने एसीची जाळी स्वतःपासून दुसरीकडे वळवली आणि विचारलं, सीझन कधी संपतो.

मी म्हणालो, मेमध्ये.

“मे,” तो म्हणाला. दूरच्या गावाची पाटी वाचावी तसा.

दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद झाली. सोनेरी पाठीच्या खुर्च्या, ऊदाचा धूर, टेबलाएवढा फुलांचा गुच्छ. आमचे फुटबॉल संचालक मनाने चांगले गृहस्थ आहेत, पण माइक हातात आला की त्यांना भविष्य दिसायला लागतं. ते म्हणाले, हा दीर्घकालीन प्रकल्प आहे. मी मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या. ‘दीर्घकालीन’ हा शब्द त्याच खुर्च्यांवरून मी इतक्या जणांविषयी ऐकलाय की आता तो कानावर पडला की मी व्हिलाच्या घरमालकाला फोन करून करारातलं मुदतीआधी सोडण्याचं कलम पुन्हा बघून घेतो.

त्याची कहाणी मला एकदम कळली नाही. क्लबचा दुभाषा फक्त मैदानापुरता. बाकी लायसन्स, मेडिकल, बँक यांसाठी त्याला मीच घेऊन फिरायचो, आणि शारजा-दुबईच्या वाहतुकीत माणूस शेवटी, मोडक्या इंग्रजीत का होईना, बोलतोच. तो बंदराच्या गावचा. वडील गोदीत. तिथून मोठा क्लब, मग युरोप, मग जपान, शेवटी आखात. मोठा खेळाडू म्हणून लोक त्याला कुठेही ओळखतात, पण त्याच्या मनात काहीतरी वेगळंच सलत होतं. तो सांगायचा, आघाडीच्या माणसाला पूर्ण सामना क्वचितच मिळतो. गोल केला तर जपून ठेवायला बाहेर काढतात, नाही केला तर नाही केला म्हणून बाहेर काढतात. त्या प्रसिद्ध अंतिम सामन्यातही शेवटची शिट्टी वाजली तेव्हा हा गुडघ्याला बर्फ बांधून स्टेडियमच्या आतल्या बोळात बसला होता. आरडाओरडा ऐकून त्याला कळलं की आपण जिंकलो.

कोच झाल्यावर तरी शेवटपर्यंत उभं राहायला मिळेल, असं त्याला वाटलं होतं. पण त्याच्या देशात कोच बदलतात ते आपल्याकडे नियमाने चालणाऱ्या अधिकाऱ्याची बदली होते त्या वेगाने. एका ठिकाणी तो पावसाळ्यापर्यंत टिकला, एका ठिकाणी नाताळपर्यंत, शेजारच्या एका आखाती देशात रमजानपर्यंत. सण सगळे पाहिले, एकही सीझन पुरा पाहिला नाही.

हे तो रडवेल्या सुरात सांगत नव्हता. बँकेत टोकन घेऊन बसलो होतो, आमच्या नंबराला वेळ होता, म्हणून सांगत होता. मी उगाच विचारलं की मग या वेळी काय जिंकायचंय.

“जिंकायचं काही नाही,” तो म्हणाला. “सुरुवातीला टीमचा फोटो काढतात ना? त्याच पोरांबरोबर मला एकदा शेवटचा फोटो काढायचाय. बस.”

टीमचा सुरुवातीचा फोटो सप्टेंबरमध्ये निघाला. त्याने माझ्याकडून त्याची प्रत मागून घेतली आणि आपल्या ऑफिसात कपाटाच्या दाराला आतून लावली. बाहेरून लावली असती तर बरं दिसलं असतं, मी म्हणालो. बाहेर लावलं की काढायला माणसं येतात, तो म्हणाला.

ऑक्टोबर बरा गेला. नोव्हेंबरही. डिसेंबरात दोन खेळाडू जायबंदी झाले आणि संचालक सरावाला येऊन उभे राहायला लागले. आमच्याकडे कोचला सगळे ‘कॅप्टन’ म्हणतात. त्याच्या देशात ‘प्रोफेसर’ म्हणतात. माझी बायको खरी प्राध्यापक होती, लग्नाआधी, तेव्हा तिला या गोष्टीची फार गंमत वाटली. त्याच भरात तिने जानेवारीत मला सांगितलं की मंडळाच्या क्रीडा महोत्सवाला प्रमुख पाहुणे म्हणून तुझा प्रोफेसर हवा.

ती इथल्या आमच्या मराठी मंडळाची कार्यवाह आहे. मंडळाचा क्रीडा महोत्सव फेब्रुवारीत असतो: लिंबू-चमचा, बायकांची रस्सीखेच आणि मुख्य म्हणजे सात-सात जणांची फुटबॉल स्पर्धा. मी तिला म्हटलं, फेब्रुवारी फार लांब आहे. ती म्हणाली, महिन्यावर तर आहे. मी म्हटलं, तेच म्हणतोय.

पण त्याला विचारलं, तो लगेच हो म्हणाला, आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हांचा पाऊस पडला. मोठा फ्लेक्स छापून झाला. ‘ब्राझीलचे सुप्रसिद्ध फुटबॉलपटू व मुख्य प्रशिक्षक’ अशी अक्षरं, वर त्याचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो, खाली मंडळाच्या कार्यकारिणीचे आजचे.

महोत्सव रविवारी होता. आधीच्या बुधवारी आमचा सामना होता, आणि सामना सुरू होण्याआधीच संचालकांच्या ऑफिसातून मला निरोप आला की एक ढाल तयार ठेव. ढाल म्हणजे मखमली पेटीतलं स्मृतिचिन्ह, त्यावर शिडाचं सोनेरी जहाज. जहाज कुठल्या दिशेने चाललंय हे मला आजवर कळलेलं नाही. सामना आम्ही हरलो. जिंकलो असतो तर ढाल पुन्हा कपाटात गेली असती आणि पुढच्या बुधवारी निघाली असती.

गुरुवारी सकाळी संचालकांनी त्याला बोलावलं. सह्यांचे कागद घेऊन मीही होतो. गावा म्हणजे अरबी कॉफी आली, खजूर आले, तब्येतीची चौकशी झाली. मग संचालक पुढे झुकले आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “कॅप्टन, तू आमचा भाऊ आहेस.”

आमच्या क्लबात ‘हबीबी’ म्हणतात तोवर नोकरी असते. ‘भाऊ’ म्हटलं की खलास. मला वाटलं त्याला हे ठाऊक नसेल. त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा कळलं की त्याला ठाऊक होतं. त्याने फक्त एक विचारलं: मेपर्यंत इथेच कुठे, ज्युनिअर पोरांबरोबर वगैरे, थांबता येईल का? पद नको. संचालक म्हणाले, इन्शाल्ला. हा शब्द माणसं मनापासून म्हणतात तेव्हा फार सुंदर असतो. त्या खोलीत तो नकाराला पांघरूण म्हणून आला होता. मी ढालीची पेटी पुढे केली, फोटो निघाला, आणि तो आपल्या ऑफिसात जाऊन कपाटाच्या आतला फोटो सोडवू लागला. चिकटपट्टी चांगली होती, एक कोपरा फाटला.

संध्याकाळी अल नहदातल्या आमच्या स्वयंपाकघरात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. बायको पोळ्या करत होती, म्हणून फोन स्पीकरवर.

“वहिनी, प्रश्न माणसाचा नाही हो, फ्लेक्सचा आहे,” अध्यक्ष म्हणाले. “त्यावर मुख्य प्रशिक्षक छापलंय.”

“मग ‘माजी’ चिकटवा.”

“माजी म्हटलं की लोक विचारतात, कधीपासून. आज सकाळपासून म्हणून सांगू?”

“गेल्या वर्षीचे बँकेतले साहेब आठवतात का?” बायकोने पोळी उलटली. “रिटायर होऊन महिना झाला होता त्यांना. शाल घालताना तुम्ही कमरेत वाकला होता.”

माझी मुलगी फ्रिजमधून काहीतरी घेत होती. ती म्हणाली, “ही लॉस्ट हिज जॉब, बाबा. अँड यू गाइज आर वरीड अबाउट अ बॅनर?” आम्ही तिला जेवायला बस म्हणालो.

शेवटी आपल्या लोकांना जमतो तसा मध्यममार्ग निघाला. उद्घाटन ब्राझिलियनच्या हस्ते सकाळी. बक्षीस समारंभ संध्याकाळी, सोन्याच्या पेढीचे मालक असलेल्या प्रायोजकांच्या हस्ते. प्रमुख पाहुणे दोन, पण एकमेकांना दिसणार नाहीत. पहिल्याने समई लावायची, दोन शब्द बोलायचे, शाल-श्रीफळ घ्यायचं आणि जायचं. हे ‘जायचं’ त्याला सांगायचं कुणी, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. आपल्याकडे तो पडतच नाही. प्रमुख पाहुणा अर्ध्या तासाने घड्याळाकडे पाहतो, पुढचा कार्यक्रम आहे म्हणतो, अध्यक्ष वाईट वाटल्यासारखं करतात आणि सगळ्यांची सुटका होते. तो निघेपर्यंत कुणी नीट चहाही पीत नाही. हे आईच्या दुधाबरोबर येतं. त्यामुळे फोन करताना मीही ते सांगितलं नाही.

मला वाटत होतं की तो येणार नाही. त्याने विचारलं, किती टीम आहेत? मी म्हटलं, आठ. फायनल त्याच दिवशी? मी म्हटलं, हो, संध्याकाळी. मग तो म्हणाला, सकाळी किती वाजता येऊ?

शाळेचं मैदान भाड्याने घेतलेलं होतं. फ्लेक्सवर ‘मुख्य’ शब्दावर पांढरी पट्टी चिकटवून हाताने ‘माजी’ लिहिलेलं होतं आणि वाऱ्याने ती पट्टी सारखी उचकटत होती, त्यामुळे दिवसभर तो काही वेळ माजी आणि काही वेळ मुख्य होता. त्या वाऱ्याने समईही पेटेना. चार काड्यांनंतर ती पेटली आहे असं अध्यक्षांनी जाहीर केलं. दोन शब्द बोला म्हटल्यावर तो खरोखरच दोन-तीन शब्द बोलला आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच भाषणाला मनापासून टाळ्या पडल्या. मग आठही टीमचा त्याच्याबरोबर वेगवेगळा फोटो झाला. शाल खांद्यावर, नारळ काखेत.

फोटो होताच अध्यक्ष पार्किंगच्या दिशेने आदबीने वळले. पाहुणे मैदानाच्या दिशेने वळले. एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढून त्यांनी रेषेजवळ मांडली, नारळ खुर्चीखाली ठेवला आणि बसले.

पहिला अर्धा तास कुणाला काही वाटलं नाही. मग कार्यकारिणी अस्वस्थ व्हायला लागली. चहा दिला, तो प्यायला. पुन्हा दिला, पुन्हा प्यायला. दुपारी कागदी ताटलीत मसालेभात घेऊन तो मुलांच्या रांगेत उभा राहिला, तेव्हा अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं.

“साहेब, हे निघणार कधी?”

“विचारतो.”

“शाल एकच उरलीय हो. ती पेढीवाल्या शेठजींची आहे.”

मी त्याच्याजवळ गेलो आणि आपल्या पद्धतीने म्हणालो, तुम्हाला उशीर होत असेल.

“कशाला?” त्याने विचारलं.

त्याने ते भोळेपणाने विचारलं होतं. आणि खरंच, त्याला उशीर व्हावा असं आता कुठे काही नव्हतं. मी अध्यक्षांना जाऊन सांगितलं की ते थांबतायत.

तोपर्यंत त्याला एक टीमही मिळाली होती. साइटवर शटरिंगचं आणि स्टीलचं काम करणारी कोकणातली माणसं, रविवारची सुट्टी म्हणून कॅम्पच्या बसमधून आलेली. अंगात गावच्या क्रिकेट मंडळाचे टी-शर्ट. त्यांच्यात सगळ्यात पुढे खेळणारा पोट सुटलेला फोरमन होता, त्याला बाकीचे दादा म्हणत. इतर टीमना कोचची गरज नव्हती, त्यांच्याकडे चांगले बूट होते. ही टीम बिचारी कुणीही काही सांगितलं तर ऐकत होती. तो पोर्तुगीजमध्ये हातवारे करायचा, हे गावच्या बोलीत एकमेकांना समजावायचे आणि निष्पन्न काहीतरी तिसरंच व्हायचं. पण ते फायनलला पोचले.

फायनलमध्ये उत्तरार्धाला दादांचा श्वास मैदानाबाहेर ऐकू यायला लागला. त्यांच्या कॅप्टनने बदली खेळाडूला हाक मारली. ब्राझिलियनने रेषेवरूनच तर्जनी हलवली. नाही.

“अरे, तो नको म्हणतोय,” एक जण म्हणाला.

“त्याला काय जातंय. दादा मरतील हितंच.”

“दादा, बसताव काय?”

दादांनी गुडघ्यांवर हात टेकून रेषेकडे पाहिलं. तिथे तो उभा होता, दोन्ही तळवे खाली दाबल्यासारखे करत. थांब, असं. दादा थांबले. शेवटच्या क्षणी चेंडू त्यांच्यासमोर आलाही, पण त्यांनी तो गोलच्या इतक्या वरून मारला की शेजारच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजला. टीम एका गोलने हरली. दादा मैदानाच्या हिरव्या कृत्रिम गवतावर उताणे पडले. “आई शप्पत,” ते आकाशाला म्हणाले, “ह्या बाबाने मारला मला.” त्यांना उठवायला तोच गेला. दुसऱ्या कुणाला पुढे घातलं असतं तर ते जिंकले असते का, हे मी त्याला विचारलं नाही.

बक्षीस समारंभाला शेठजी आले. स्टेजवर मोठी खुर्ची एक होती आणि पाहुणे दोन. निवेदकाने प्रसंग निभावला. “आणि आपले सकाळचे प्रमुख पाहुणे,” तो म्हणाला, “जे अद्याप आपल्यात आहेत.” शेठजींनी स्वतःहून अर्धी जागा करून दिली, त्यात दोघे मावले नाहीत, मग दोघेही उभे राहिले.

शेवटचं बक्षीस दिल्यावर तो स्टेजवरून उतरला आणि मला म्हणाला, आता फोटो. मी म्हटलं, झाले की इतके. शेवटचा, तो म्हणाला. तेव्हा मला कपाटाचं दार आठवलं.

आठ टीममधले निम्मे लोक घरी गेले होते. कोकणातली टीम गेटबाहेर बसमध्ये चढत होती आणि कॅम्पच्या जेवणाची वेळ टळते म्हणून पठाण ड्रायव्हर ‘यल्ला, यल्ला’ करत हॉर्न वाजवत होता. ब्राझिलियन लंगडत पळाला. मी त्याच्यामागे. बसच्या पायरीवर एक पाय ठेवून त्याने आत डोकावलं आणि एकेकाकडे बोट करत बाहेर या अशी खूण करू लागला. माणसं थकली होती. कुणाला वाटलं काही चोरीला गेलंय.

मी म्हणालो, “अहो, फोटो काढायचाय त्यांना तुमच्याबरोबर. सकाळी काढला तसाच.”

“हरलो की आम्ही,” कॅप्टन म्हणाला.

“त्यांना माहीत आहे.”

दादा आधी उतरले, एकेका पायरीवर थांबत. मग बाकीचे. सकाळच्या फोटोत कोण कुठे होता हे त्याच्या ध्यानात होतं. त्याने प्रत्येकाला खांद्याला धरून जागेवर उभं केलं. माझ्या बायकोने फोटो काढला. ड्रायव्हरनेही तोवर हॉर्न थांबवला होता.

आठवड्याभराने मी त्याला विमानतळावर सोडायला गेलो. बॅगा उतरवायला डिकी उघडली तर त्यांच्याखाली स्वागताचा फलक होता. त्याच दुपारी नवा कोच उतरणार होता आणि दोन फेऱ्या कशाला, म्हणून मी तो सकाळीच गाडीत टाकला होता. त्याने फलक वाचला. नाव नाही ते बरं आहे, म्हणाला. नारळ विमानात नेता येईल का, हे त्याने विचारलं, आणि खात्री नाही म्हटल्यावर तो माझ्या हातात दिला. फोन उघडून त्याने मला ते दोन फोटो दाखवले, शेजारीशेजारी लावलेले. सकाळच्यात सगळे ताठ उभे आहेत. संध्याकाळच्यात दादांचे डोळे मिटलेले आहेत.

“सगळे आहेत,” तो म्हणाला. “मी मोजले.”

मग तो आत गेला. मी नारळ पुढच्या सीटवर ठेवला, गाडी खालच्या मजल्यावर, आगमनाच्या बाजूला घेतली आणि फलक घेऊन उभा राहिलो. नवा कोच बाहेर आला. तरतरीत माणूस होता, कोट घातलेला. क्लबच्या फोटोग्राफरने आम्हाला जवळ उभं केलं, फलक जरा वर धरायला सांगितलं आणि सुरुवातीचा फोटो काढला.

गाडीत बसल्यावर त्याने मांडीवर नारळ घेतला आणि विचारलं, व्हिलात पूल आहे ना?

आहे, मी म्हणालो.